अकरा नंबरचं घड्याळ

तुम्ही त्याला सोडून दिलंत. नुसतं सोडलं असतंत तरी एक वेळ चाललं असतं, पण तुम्ही त्याला कागदावरून पुसून टाकलंत आणि त्या जागी त्याच्या बहिणीचं वजन लिहिलंत. चौऱ्याऐंशी किलो. त्याखाली वय, एक्कावन्न. त्याखाली 'पाणी अपुरे प्यायले'. त्याखाली 'बुडीनंतर श्रम केले, उदा. जिना चढणे'. चौकशी समितीतल्या तुम्ही पाच जणांनी तीन महिने बसून सात कलमं काढलीत, खाली शिक्का मारलात आणि लिहून मोकळे झालात की 'सबब केंद्राकडून कोणतीही कसूर झाल्याचे आढळत नाही'. तो सांगत होता ना तुम्हाला? टेबलासमोर उभं राहून, दोन आलेख पुढे करून, आपल्या तोंडाने सांगत होता. तुमच्यातल्या एकाने त्या आलेखांवर चहाचा कप ठेवला.

हे भाषण मिस्त्री रोज करतो. दात घासताना करतो, सिलिंडरात हवा भरताना करतो, आणि आज रविवारी सकाळी ताईच्या इमारतीच्या लिफ्टमध्येही ते त्याच्या डोक्यात सुरू होतं. त्यात स्वतःला तो 'तो' म्हणतो. 'मी' म्हणायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटते. मिस्त्री हे त्याला दुकानात पडलेलं नाव. समुद्रात बुड्या मारायला येणाऱ्या हौशी लोकांचं सगळं सामान त्याच्या हाताखालून जातं: सिलिंडर, दातात धरायच्या हवेच्या नळ्या, पाठीला बांधायची जाकिटं, मनगटावरची घड्याळं. एकवीस वर्षं हेच केल्यामुळे लिफ्ट वर निघाली की त्याचं पोट आपोआप मोजायला लागतं. पाण्यातून वर यायचं तर मिनिटाला नऊ मीटर, त्याहून घाई नाही. चार मजले म्हणजे बारा मीटर, आणि ही बया दहा सेकंदांत वर नेऊन आदळते. लिफ्टमधल्या शेजाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे बघून त्याला वाटतं, यांना कुणालाच कसं काही होत नाही. मग आठवतं, हवेत होत नाही. हवेत माणूस कितीही घाईने वर गेला तरी त्याला कुणी विचारत नाही.

दार भावजींनी उघडलं. "या, या. आज वजनाचा दिवस आहे, जरा दबकत चला," ते म्हणाले. "घरातले उंदीरसुद्धा पथ्यावर आहेत आता. परवा एक आला, डबे हुंगले, आणि हळहळून निघून गेला." आतल्या खोलीत ताई वजनकाट्यावर उभी होती. काठी पलंगावर आडवी टाकलेली, एक हात कपाटाला. डावा पाय तिला कळत नाही. तो काट्यावर नीट टेकलाय की कडेला लोंबतोय, हे ती वाकून डोळ्यांनी बघते, दुसऱ्याच कुणाचा पाय असल्यासारखा. कपाट धरलं की आकडा खोटा येतो म्हणून तिने हात सोडला, क्षणभर डुगडुगली आणि म्हणाली, "एकसष्ट." आवाजात जिंकल्यासारखा आनंद होता. शाळेत गणित शिकवायची तेव्हा सगळ्या वर्गाचं उत्तर बरोबर आलं की असाच आवाज व्हायचा तिचा. मिस्त्रीने बघितलं, तिच्या दंडाची कातडी पिशवीसारखी लोंबत होती आणि गाऊनच्या गळ्यातून हाडं वर आली होती.

"फिजिओवाल्या बाई काय म्हणाल्या ते सांग त्याला," भावजी दारातून म्हणाले.

"तुम्हीच सांगा, तुम्हाला हौस."

"म्हणाल्या, चरबी केव्हाच संपली, आता तुम्ही स्नायू खाताय. डावा पाय तर गेलाच आहे, उपाशी राहून उजवाही घालवाल. सरळ म्हणाल्या, सहा महिन्यांत खुर्ची येईल, चाकांची."

"त्यांना बोलायला काय जातंय," ताई म्हणाली. "त्या होत्या का समितीत?"

तुमचा तो कागद तिने फ्रिजवर लावलाय, साहेब. सात कलमं. 'वजन'पुढे पेन्सिलीने बाण काढून दर रविवारचा आकडा. 'पाणी'पुढे रोज पंधरा ग्लास. 'सर्दी असताना बुडी' यापुढे तिने वाफ घ्यायच्या वेळा लिहिल्यात, जसं काही उद्या पुन्हा पाण्यात उतरायचं आहे. 'वय'पुढे मात्र तिने एक प्रश्नचिन्ह काढलंय, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवून म्हणते, "याचं काय करू तेवढं सांगा." सगळे हसतात. मिस्त्रीही हसतो. आठ महिने तो दर रविवारी येतो, कागद लागल्यापासून तो बघतो, हसतो, आणि बिनदुधाचा चहा पिऊन जातो. पाणी का कमी प्यायलं, ते तुम्ही विचारलंत का तिला? होडीवर बायकांसाठी आडोसा नव्हता. सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत बाईमाणसाने करायचं काय? ती शहाणी, तिने पाणीच प्यायलं नाही. तुमच्या कलमात तो तिचा दोष झाला. होडीचा झाला नाही. जिना ती हौसेने चढली नाही. धक्क्यावरून वर यायला दुसरी वाटच नाही, आणि पाठीवरचं ओझं घ्यायला खाली कुणी नव्हतं, तेही तुम्ही विचारलं नाहीत. तरीसुद्धा, खरं सांगायचं तर, ही सातही कलमं खोटी नाहीत. जाड माणसाच्या अंगात नायट्रोजन जास्त मुरतो, सुकलेल्या अंगातून तो हळू निघतो, वय झालं की आणखी हळू. मिस्त्रीला हे सगळं पाठ आहे, नवशिक्यांना तोच तर समजावतो. खाली दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तामांसात विरघळतो. जितकं खोल आणि जितका वेळ, तितका जास्त. वर येताना त्याला सावकाश बाहेर पडू द्यायचं. घाई केली, किंवा अंगात फार साठू दिला, की त्याचे आतल्या आत फुगे होतात आणि जिथे अडकतील तिथलं काम बंद पाडतात. सांध्यात अडकले तर कळा. कण्यात अडकले तर पाय. तुमची सात कलमं ही सुकलेल्या गवताची यादी आहे. काडी कुणी टाकली, ते आठवं कलम होतं.

"बस रे," ताई म्हणाली. तिने उशीखालून घडी घातलेला कागद काढला. "तुझ्या कप्तानला पत्र लिहिलंय. वाच, काही कमीजास्त झालं असेल तर सांग. मी चहा टाकते." काठी टेकत ती स्वयंपाकघरात गेली. आधी काठीचा आवाज, मग उजवा पाय, मग फरशीवरून घासत जाणारा डावा. कप्तान म्हणजे दुकानाचा मालक. त्याच्याकडे जहाज कधीच नव्हतं, टोपी तेवढी होती. मिस्त्रीने घडी उघडली. फळ्यावर लिहावं तसं गोल, सरळ अक्षर. 'माझ्या निष्काळजीपणामुळे आपल्या केंद्राला चौकशीला तोंड द्यावे लागले, याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागते. माझ्या प्रकृतीचा विचार मीच करायला हवा होता.' आणि खाली, 'माझा धाकटा भाऊ आपल्याकडे काम करतो. माझ्यामुळे त्याच्याविषयी आपल्या मनात काही आले असल्यास ते काढून टाकावे. त्याने मला प्रत्येक नियम सांगितला होता. त्याचा यात काडीचाही दोष नाही.'

काडीचाही. त्याने ते वाक्य पुन्हा वाचलं. कानात ते सुरू झालं, पाण्याखाली दहा मीटरवर पडद्यांवर येतो तो दाब. नाक दाबून फुंकर मारली की तो जातो, म्हणून त्याने भावजींच्या देखत नाक दाबलं, फुंकर मारली, आणि भावजी म्हणाले, "सर्दी का?" तो हो म्हणाला. लहानपणी तलावात ताईने त्याला पोहायला शिकवलं होतं. ती आठ वर्षांनी मोठी. तिचा तळवा त्याच्या पोटाखाली असायचा, रुंद आणि गरम, आणि तो हात आहे तोवर बुडणं शक्य नाही हे त्याला त्याच्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. समुद्राखाली काय काय असतं हे त्याने तिला सांगितलं, तेव्हा ती पंचेचाळिशी ओलांडून गेली होती. पहिल्या बुडीनंतर वर आली ती मुलीसारखी बोलत होती, मासे माझ्या चष्म्यात बघत होते रे, स्वतःचे चेहरे बघत होते. तेव्हापासून सुटी लागली की ती दुकानात. कप्तान तिला हेडबाई म्हणायचा. घड्याळ चुकीचं बांधलंय म्हणून ती नवशिक्यांचे कान उपटायची. घड्याळ.

घड्याळाचं असं आहे. ते वेळ सांगतं ती नुसती वेळ नव्हे. ज्याच्या मनगटावर आहे तो किती खोल गेला, किती वेळ राहिला, हे सगळं ते लक्षात ठेवतं, आणि त्यावरून सांगतं की आता या खोलीवर तुला इतकी मिनिटं उरलीत, त्यानंतर वर निघ. दुसऱ्या बुडीला ते पहिलीचा हिशेब धरतं, कारण पहिलीचा नायट्रोजन अजून अंगात असतो. म्हणून नियम एकच: सकाळी ज्याच्या हातात जे घड्याळ गेलं, ते दिवसभर त्याच्याच हातात. घड्याळाला मनगट ओळखता येत नाही. त्याला वाटतं जग एकाच माणसाचं आहे. हा नियम दुकानाच्या भिंतीवर मिस्त्रीच्याच अक्षरात रंगवलेला आहे. आणि कुठल्याही दुकानात जाऊन बघा, तो कुणी पाळत नाही. घड्याळं खुंट्यांवर टांगलेली असतात, भाड्याच्या बुटांसारखी. एक बिघडलं की हात दुसऱ्याकडे जातो. त्या दिवशी सकाळी ताईच्या हातात चार नंबर होतं. सकाळच्या गटाबरोबर ती बुडालेल्या जहाजापाशी उतरली, अठ्ठावीस मीटर, एकोणीस मिनिटं. वर आली, तासभर होडीत बसली, आणि दुपारचा गट आला तेव्हा म्हणाली, मीही येते यांच्याबरोबर, बावीस मीटरच तर आहे. दुपारच्या गटात सगळे ताजे, वाटाड्यासुद्धा नुकताच आलेला. ती एकटीच शिळी. आणि चार नंबरच्या काचेवर बॅटरीचं चिन्ह लुकलुकत होतं.

ते सहा सेकंद मिस्त्रीने इतक्या वेळा काढून बघितलेत की आता त्यांच्यावर त्याच्याच बोटांचे ठसे आहेत. होडी हलत होती. कप्तान वरून ओरडत होता की उशीर होतोय. ताईने मनगट पुढे केलं आणि म्हणाली, "लवकर कर रे, सगळे माझ्यासाठी खोळंबलेत." त्याने चार नंबरचा पट्टा सोडला. तिच्या मनगटावर पट्ट्याचा पांढरा, ओला, सुरकुतलेला वळ होता. त्याने पेटीतून अकरा नंबर काढलं. तीन दिवस ते कुणीच वापरलं नव्हतं, गोड्या पाण्याने धुऊन कोरडं केलेलं, काच चकचकीत. त्याने ते त्याच वळावर बांधलं. बक्कल तिसऱ्या भोकात बसेना म्हणून दुसऱ्यात लावलं. बक्कल लावताना त्याला आठवलं होतं का? इथेच सगळं येऊन थांबतं. कधी त्याला खात्री वाटते की नाही, हात सवयीने चालले, डोकं कप्तानच्या ओरडण्याकडे होतं. आणि कधी, विशेषतः काहीतरी घासून पुसून चकचकीत करताना, त्याला स्वच्छ दिसतं की मनात एक बारीक काहीतरी उठलं होतं, शिंक येता येता राहावी तसं, आणि त्याने त्याला म्हटलं होतं, जाऊ दे, बावीसच मीटर, ताई आहे, ताईला काय होतंय. तसं म्हटलं असेल तर ती चूक नव्हे. त्याला दुसरा शब्द आहे. तो शब्द समितीने तरी उच्चारावा, एवढंच त्याला हवं होतं.

खाली तिने सगळं शिस्तीत केलं. वाटाड्याने दर पाच मिनिटांनी खुणेने विचारलं, किती उरलीत, आणि तिने घड्याळ बघून बोटांनी सांगितलं. सावकाश वर आली. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबली, कुणी थांबलं नाही इतकी स्थिर. वर येऊन जिना चढली. पोटावर खाज सुटली तेव्हा म्हणाली, सूटच्या रबरामुळे असेल. खोलीवर जाऊन गरम पाण्याने आंघोळ केली आणि तिथेच बसली ती उठलीच नाही. भावजींना हाक मारून म्हणाली, "अहो, माझा पाय कुठे आहे?" दाबाची खोली असलेलं इस्पितळ पाच तासांवर. ती खोली म्हणजे लोखंडी नळकांडं, आडवं ठेवलेलं, आत दोन बाकं, आणि बाजूला ताटलीएवढी जाड गोल काच. तिला आत घालून पुन्हा पाण्याखाली असल्यासारखा दाब दिला आणि तासन् तास हळूहळू उतरवला. मिस्त्री बाहेरून काचेला नाक लावून उभा. आतून ताईने त्याला बघितलं आणि अंगठा व तर्जनी जोडून खूण केली: सगळं ठीक. पाण्याखालची खूण. मग दुसऱ्या हाताने ऑक्सिजनचा मास्क धरून तोंडाने काहीतरी म्हणाली. काचेतून ऐकू आलं नाही, पण ओठांवरून त्याला कळलं. जेवलास का?

दुसऱ्या महिन्यात तो तुमच्यासमोर आला. दोन्ही घड्याळांमधली नोंद उतरवून, कागदावर छापून. हा चार नंबर, सकाळचा. हा अकरा नंबर, दुपारचा. अकरा नंबरला वाटतंय ही बाई आज पहिल्यांदाच पाण्यात उतरली आहे. घड्याळ मी बदललं. तुमच्या अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि फार मायेने म्हणाले, "तुम्ही सख्खे भाऊ ना? अशा वेळी माणूस स्वतःला दोष देतो. घरी जा, विश्रांती घ्या." तो म्हणाला, साहेब, मी विश्रांती मागायला आलो नाही. ते म्हणाले, "घड्याळ कुणाच्या हातात होतं हे आलेखावरून सिद्ध होत नाही." हे मात्र खरं होतं. पण घड्याळ बदललं असं लिहिलं असतं तर किनाऱ्यावरच्या प्रत्येक दुकानाच्या खुंट्या मोजाव्या लागल्या असत्या आणि परवाने देणारे तुम्हीच. अहवालात त्याच्यावर एक ओळ आहे. 'नातेवाइकांचे भावनिक निवेदन विचारात घेतले नाही.' कप्तान पाठीवर थाप मारून म्हणाला, "सुटलो रे मिस्त्री." त्या थापेची जागा अजून दुखते.

आणि आता, पत्र हातात घेऊन पलंगाच्या कडेवर बसलेला असताना, त्याला एक गोष्ट कळली. ती त्याला सहा महिने ठाऊक होती, कळली आज. समितीला त्याने सांगितलं ते समितीसाठी नव्हतंच. त्याला वाटलं होतं, कागदावर येईल. शिक्का बसेल, टपालाने घरी जाईल, ताई चष्मा लावून वाचेल, आणि तो तिथे नसेल. जे आपल्या तोंडाने सांगायचं ते सरकारी शाईने सांगितलं जाईल. तुमच्यावरचा सगळा राग, साहेब, त्यातला निम्मा तरी याचा होता की तुम्ही त्याचं हे काम केलं नाहीत.

ताई चहा घेऊन आली. एका हातात काठी, दुसऱ्यात कप, कपात अर्धाच चहा, म्हणजे सांडणार नाही. भावजी खाली दूध आणायला गेले होते. दूध फक्त त्यांच्यापुरतं येतं. "काय रे, शुद्धलेखन चुकलं का काही?" ती म्हणाली.

"ताई, हे देऊ नकोस."

"का? चांगला माणूस आहे तुझा कप्तान. इस्पितळात फुलं घेऊन आला होता."

"दुपारी मी तुझं घड्याळ बदललं होतं."

"हो, माहीत आहे की. बॅटरी संपत आली होती."

"अकरा नंबरला सकाळचं काही माहीत नव्हतं." त्याचा आवाज त्याला लांबून आला. "तुझी सकाळची बुडी त्याने धरली नाही. त्याने तुला ताजं समजून मिनिटं दिली."

ताईने कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. तिची बोटं हलत होती, अंगठा एकेका पेरावर टेकत. ती आकडा मांडत होती हे त्याने ओळखलं. "मी खाली बत्तीस मिनिटं होते," ती म्हणाली. "चार नंबरने किती दिली असती?"

"तेरा."

"नक्की?"

"नक्की. मी काढलंय."

"एकोणीस मिनिटं जास्त." तिने मान हलवली, उत्तर ताळ्याने तपासल्यासारखी. "म्हणजे मी सत्तर किलोची असते तरी."

"काय की. कदाचित झालंच नसतं. कदाचित थोडं झालं असतं."

"पण तेराव्या मिनिटाला वर आले असते तर?"

त्याने पत्राची घडी घातली. रस्त्यावरून कुणीतरी फर्निचर ओढत नेत असल्याचा आवाज येत होता. तो म्हणाला, "समितीला मी सगळं सांगितलं होतं, ताई. कागद दाखवले होते. त्यांनी घेतलं नाही. त्यांनी मुद्दाम—"

"केव्हा सांगितलंस?"

"दुसऱ्या महिन्यात."

ती पलंगावर बसली. डावा पाय तिने दोन्ही हातांनी उचलून नीट ठेवला. मग त्याच्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती वर्गातल्या मुलाकडे बघावं तशी बघत होती, ज्याने रीत सगळी लिहिली आणि शेवटची ओळ लिहिलीच नाही अशा मुलाकडे.

"समितीचं राहू दे बाजूला," ती म्हणाली. "पाच परकी माणसं, टेबलापलीकडे बसलेली. त्यांना तू सहा महिन्यांपूर्वी सांगितलंस, उभं राहून. मी इथे होते. दर रविवारी काट्यावर चढत होते, आकडा ओरडून सांगत होते, आणि तू त्या खुर्चीत बसून ऐकत होतास. त्यांना सांगता आलं तुला. मला का नाही सांगितलंस? खाली बघू नकोस. मला उत्तर हवंय."